दुपारी गावात पोचेना, रात्री नदीपल्याड झोपू देईना: सप्ताहाच्या भोंग्यांचं एक प्रकरण

वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचं, अमरावती जिल्ह्यातलं एक गाव. हनुमान जयंतीला धरून सात दिवसांचा सप्ताह: पहाटे ५ ला काकडा, दुपारी १ ते ४ कथा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री साडेआठपासून कीर्तन. मारुतीच्या देवळासमोर २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद टिनाचं शेड, त्यापुढे बिछायतवाल्याने आणखी १६ मीटर कापडी मंडप वाढवलेला. देवळाशेजारच्या लोखंडी खांबावर, जमिनीपासून ९ मीटरवर चार भोंगे: दोन पूर्वेला, दोन वस्तीकडे. याशिवाय देवळापासून १२० मीटरवरच्या चौकात, विजेच्या खांबाएवढ्या उंच बल्लीवर आणखी दोन, तोंड मंडपाकडे.

गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मांडणी, अंतरं आणि तक्रारी त्या पट्ट्यातल्या कोणत्याही सप्ताहाला थोड्याफार फरकाने लागू पडतील.

तक्रारी चार. मंडपात बसलेल्यांची: "आवाज तं मोठा आहे, पण महाराज काय बोलून राहिले ते समजून नाही राहिलं." गावाच्या पश्चिम टोकाला, देवळापासून ४०० मीटरवर राहणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींची: दुपारची कथा ऐकूच येत नाही. माईकवाल्याची: मशीन (ॲम्प्लिफायर) जरा वाढवली की शिट्टी मारते. आणि चौथी, जिच्यामुळे प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं: नदीपलीकडे २ किलोमीटरवर दुसरं गाव आहे, जिल्हाही दुसरा, आणि तिथल्या लोकांना पहाटेचा काकडा उशाशी भोंगा लावल्यासारखा ऐकू येतो. ४०० मीटरवर कथा पोचत नाही आणि २००० मीटरवर काकडा झोपू देत नाही, मशीन तीच, भोंगे तेच. माईकवाल्याच्या मते नदीपलीकडचे लोक खोटं बोलतात. ते खोटं बोलत नव्हते.

मंडपातला गिचका

आधी सोपी गोष्ट. समितीतल्या बहुतेकांनी दोष टिनाला दिला, "टिन घुमते" म्हणून. हिशोब करून पाहू. बंद दालनात आवाज घुमत राहतो त्याला निनाद म्हणतात. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ सेकंदात काढायचा तर ०.१६१ ला दालनाच्या घनफळाने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. शेडचं घनफळ २४ × १२ × ४.५, म्हणजे १२९६ घनमीटर. तीन बाजू उघड्या, त्यांचं क्षेत्रफळ २७० चौरस मीटर. उघड्या बाजूने गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते सगळं शोषणच. खाली ३०० माणसं बसलेली, प्रत्येकी ०.४ धरलं तरी १२०. एकूण ३९०. निनादकाल निघतो अर्धा सेकंद. भाषणाला हा उत्तम आहे, चांगल्या वर्गखोलीतही याहून कमी क्वचितच मिळतो. टिन घुमत नव्हतं. (पाऊस पडला की टिनाखाली काय होतं ते वेगळं. चैत्रात तो प्रश्न नाही.)

खरा धागा चहाच्या टपरीवर सापडतो. टपरी देवळापासून ६० मीटरवर, रस्त्याच्या कडेला. तिथे उभं राहिलं की कीर्तन शब्दन् शब्द कळतं. मंडपात, त्याहून जवळ, गिचका, शब्दांचा नुसता गोंधळ. टपरी ही देवळाचे भोंगे आणि चौकातले भोंगे यांच्या बरोबर मध्यावर आहे. दोन्हीकडचा आवाज तिथे एकाच वेळी पोचतो. जसजसं देवळाकडे सरकावं तसा चौकातला आवाज मागे पडत जातो.

रात्री साडेआठला हवा ३२ अंशांवर असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर. ३५ मीटरवर बसलेल्या माणसाला देवळाकडचा आवाज ०.१० सेकंदात मिळतो, चौकातला ८५ मीटर चालून ०.२४ सेकंदात. फरक ०.१४ सेकंद. २० मीटरवर बसलेल्याला हाच फरक ०.२३ सेकंद. बोलताना माणूस सेकंदाला साधारण ५-६ अक्षरं उच्चारतो, म्हणजे एक अक्षर जेमतेम ०.१७ ते ०.२ सेकंदाचं. त्यामुळे "रामकृष्णहरी" म्हणताना "कृ" कानात पडतो तेव्हा मागून "रा" किंवा "म" येऊन त्यावर बसतो. दोन आवाजांत ०.०५ सेकंदापर्यंत अंतर असेल तर कान त्यांना एकच समजतो, उलट आवाज भरदार वाटतो. त्यापुढे शब्द फाटायला लागतात.

आता कोणी विचारेल, चौकातले भोंगे लांब, त्यांचा आवाज कमी, मग ते इतके त्रास का देतात? इथे टिनाचा खरा गुन्हा आहे, पण वेगळा. देवळाचे भोंगे ९ मीटरवर, टिन त्यांच्या खाली. टिनाखाली बसलेल्यांवर थेट आवाज पडतच नाही, तो छतावरून निघून जातो. चौकातला मात्र उघड्या पूर्व बाजूने सरळ आत घुसतो. थेट आवाज अडवलेला आणि उशिराचा मोकळा, अशी उलटी अवस्था.

तपासायची रीत सोपी. मंडपात ३५ मीटरवर फोन रेकॉर्डिंगला ठेवायचा, माईकसमोर दोन लाकडी फळ्या एकमेकींवर एकदाच जोरात आपटायच्या. रेकॉर्डिंगची लहर मोठी करून पाहिली की दोन टोकं दिसतात. त्यांच्यामधला वेळ गुणिले ३५० म्हणजे अंतरांतला फरक. मग चौकाची तार काढून पुन्हा तेच. दुसरं टोक गेलं तर चोर सापडला. 

चौकातल्या तारेतही एक गंमत निघाली. १२० मीटर साधी अर्धा चौरस मिलिमीटरची फ्लेक्स वायर, जाऊन-येऊन २४० मीटर तांबं. त्याचा रोध सुमारे ८.३ ओहम. शेवटी १६ ओहमचे दोन भोंगे समांतर, म्हणजे ८ ओहम. अर्ध्याहून जास्त व्होल्ट वायरीतच पडतात आणि भोंग्याला हक्काच्या जेमतेम पाव पॉवर मिळते, साधारण तेवढीच वायर तापवण्यात जाते आणि उरलेली मशीनमधून निघतच नाही. माईकवाला याच कारणाने मशीन वाढवत होता. मशीनला मागे १०० व्होल्टचा टर्मिनल असतो. त्यावर लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावलेले भोंगे जोडले की ३० वॉटचा भोंगा लाइनला ३३३ ओहमचा दिसतो आणि ८ ओहमची वायर नगण्य होते. मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेलं १६ ओहमचं युनिट (भोंग्यातला आवाज काढणारा भाग) चुकून १०० व्होल्टवर जोडलं तर कॉइल काही सेकंदांत जळते. दर सप्ताहाला कुठे ना कुठे हे होतंच.

दुपारी आवाज कुठे जातो

कथेच्या वेळी पश्चिम टोकाच्या घरांना ऐकू येत नाही म्हणून मशीन पूर्ण उघडली जात होती. चकती दुपारी २ ला जिथे फिरवली तिथेच रात्री, तिथेच पहाटे. चौथ्या तक्रारीची अर्धी गोष्ट इथे संपते. उरलेली अर्धी हवेची आहे.

ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. दर अंशाला तो सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो: ० अंशाला ३३१, २५ ला ३४६, ४२ ला ३५६. एप्रिलच्या दुपारी काळी जमीन तापलेली असते, तिला लागून असलेली हवा सगळ्यात गरम आणि वर जावं तशी थंड. म्हणजे आवाजाचा खालचा भाग जलद चालतो, वरचा मागे राहतो. दिंडीतली एक रांग हातात हात धरून चालली आहे असं समजा. रांगेची एक बाजू डांबरावर, दुसरी नांगरलेल्या काळ्या ढेकळांत. ढेकळांतली माणसं मागे पडतात आणि सगळी रांग त्यांच्याच बाजूला वळते. लहर नेहमी हळू चालणाऱ्या बाजूला वळते. हेच अपवर्तन. काचेच्या भिंगात प्रकाश वळतो तो याच कारणाने, फक्त तिथे वेग एका पृष्ठभागावर एकदम बदलतो आणि इथे थरथराने. दुपारी हळू बाजू वर असते, म्हणून भोंग्याचा आवाज कमानीसारखा आकाशाकडे वळतो.

त्याच वेळी तिवसा-आर्वीकडच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं. मृगजळ. गरम हवेत प्रकाशही किंचित जलद चालतो, म्हणून आकाशाकडून तिरपा येणारा किरण रस्त्याजवळ वर वळून डोळ्यात शिरतो. नियम दोन्हीकडे एकच, प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तापमान १ अंशाने बदललं तर हवेचा प्रकाशासाठीचा अपवर्तनांक दहा लाखांत सुमारे १ ने बदलतो. ध्वनीचा वेग हजारात सुमारे १.७ ने. ध्वनी हवेच्या तापमानाला प्रकाशापेक्षा जवळजवळ १८०० पट हळवा आहे. म्हणून मृगजळ फक्त जमिनीला चिकटून जाणाऱ्या किरणांत दिसतं, ध्वनी मात्र सगळ्या गावभर वळतो. माईकवाल्यासाठी याचा व्यवहारी उपयोग असा: रस्त्यावर मृगजळ दिसत असेल तर भोंगा दूर पोचणार नाही, मशीनला हात लावू नका.

किती दूर पोचेल याचा अंदाज काढता येतो. दोन साधे थर्मामीटर, दोन्ही सावलीत, एक १ मीटरवर आणि एक ९ मीटरवर देवळाच्या खांबाला. खाली ४२, वर ४० असेल तर ८ मीटरांत वेगाचा फरक सुमारे १.१३ मीटर, म्हणजे दर मीटर उंचीला ०.१४. ध्वनीच्या कमानीची त्रिज्या निघते ३५६ भागिले ०.१४, साधारण २५०० मीटर. या कमानीने आवाज जमिनीला घासून वर उचलला जातो आणि त्यापुढे ध्वनीची सावली पडते. ही सावली सुरू होण्याचं अंतर: दुप्पट त्रिज्येचं वर्गमूळ (इथे ७१) गुणिले भोंग्याच्या उंचीचं वर्गमूळ (३) आणि कानाच्या उंचीचं वर्गमूळ (१.२) यांची बेरीज. ७१ × ४.२ म्हणजे ३०० मीटर. प्रत्यक्षात तापमानाचा सगळ्यात मोठा फरक जमिनीलगतच्या दोन मीटरांत असतो, त्यामुळे सावली याहून थोडी अलीकडेच पडते. पश्चिम टोकाची घरं ४०० मीटरवर. ती सावलीत होती.

सावलीत अगदी शांतता नसते, हवेच्या भोवऱ्यांनी विखुरलेला थोडा आवाज येतो, पण १५ ते २० डेसिबल उतरून. २० डेसिबल भरून काढायचे तर पॉवर १०० पट. ३० वॉटच्या जागी ३००० वॉट. ते करायला गेलं तर युनिट जळतं आणि मंडपात बसलेल्यांचे कान बधीर होतात, म्हातारी मंडळी तरीही कथेला मुकतात. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये वातावरणातल्या ध्वनीच्या अपवर्तनाची मांडणी केली, तेव्हापासून हे माहीत आहे. आपल्याकडे अजूनही उत्तर "मोठी मशीन आणा" हेच.

रात्री आणि पहाटे

सूर्य मावळला की उलटं होतं. निरभ्र आकाश, कोरडी हवा, उघडी शेतं: जमीन झपाट्याने उष्णता टाकते, तिला लागलेली हवा आधी थंड होते आणि उबदार हवा वर राहते. तापमानाची विपरीतता म्हणतात ती ही. ती रात्रभर वाढत जाते आणि सूर्योदयाच्या थोडं आधी सगळ्यात घट्ट असते. म्हणजे नेमकं काकड्याच्या वेळी. ओळखायला थर्मामीटरही लागत नाही: चुलीचा धूर वर न चढता गावावर चादरीसारखा पसरून राहिला असेल तर विपरीतता आहे.

आता हळू बाजू खाली आहे, म्हणून आवाज खाली वळतो. पहाटे पहिल्या ५० मीटरांत तापमान ५ अंशांनी वाढतं असं धरू. वेगाचा फरक ५० मीटरांत ३ मीटर, दर मीटरला ०.०६. त्रिज्या सुमारे ५८०० मीटर. भोंग्यातून क्षितिजाच्या ५ अंश वर निघालेला आवाज २२ मीटर उंची गाठतो आणि १ किलोमीटरवर परत जमिनीवर येतो. कडक, वाळलेल्या जमिनीवरून उडतो आणि पुन्हा १ किलोमीटर. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसा. दुसरा टप्पा नदीपलीकडच्या गावात. वाटेतली घरं, कडुनिंब, काठावरची झाडी या सगळ्यांच्या डोक्यावरून तो येतो, त्याला अडवणारं काही उरत नाही.

आकड्यांत: चांगला भोंगा १ वॉटला, १ मीटरवर १०७ डेसिबल देतो. ३० वॉटला १२२. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, या हिशोबाने २००० मीटरवर ५६. हवा स्वतः १००० हर्ट्झच्या आवाजातले दर किलोमीटरला ५ ते ७ डेसिबल खाते, म्हणजे उरले ४४. पूर्वेला दोन भोंगे, म्हणून ४७ च्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे, आणि पहाटे ५ ची वेळ नियमांनुसार रात्रच असते: रात्री १० ते सकाळी ६. तो प्रश्न मर्यादेपर्यंत जातच नाही, कारण त्या वेळेत उघड्यावर भोंगा लावण्यालाच बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पहाटेला नाही.

नदीपलीकडच्यांची आणखी एक तक्रार खरी होती: "बोल समजत नाही, नुसता आवाज येते." ४००० हर्ट्झच्या वरचे सूर हवा कितीतरी पट जास्त खाते आणि "स", "ट", "च" ही व्यंजनं त्याच सुरांत असतात. दोन किलोमीटर चालून फक्त स्वर उरतात. अर्थ नसलेला पण थांबत नसलेला आवाज झोपेला सगळ्यात वाईट.

समितीच्या दोघा-तिघांना हे पटेना. हवा आवाज वळवते म्हणजे काय? त्यासाठी गावच्या शाळेत करता येईल असा प्रयोग. मोठ्या फुग्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा: १ लिटरच्या बाटलीत ३०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, नरसाळ्याने फुग्यात ६० ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवून सोडा थोडा थोडा सोडायचा, एकदम ओतला तर फेस फुग्यात चढतो. फुगा ३० सेंटीमीटर व्यासाचा झाला की गाठ मारायची. या वायूत ध्वनी हवेपेक्षा हळू चालतो, सेकंदाला २७० मीटरच्या आसपास, म्हणून फुगा ध्वनीसाठी बहिर्वक्र भिंग होतो. अपवर्तनांक जवळजवळ १.२८, नाभीय अंतर केंद्रापासून सुमारे ३४ सेंटीमीटर. फुग्यापासून १ मीटरवर फोनवर ५००० हर्ट्झचा सूर लावायचा, एक कान बंद करून दुसरा फुग्याच्या पलीकडे, केंद्रापासून ५० सेंटीमीटरवर न्यायचा. तिथे आवाज एकदम चढतो, बाजूला सरकलं की उतरतो. भिंगाचं सूत्र प्रकाशाला जसं लागतं तसंच इथे. सूर खालचा घेतला, समजा ५०० हर्ट्झ, तर काहीच होत नाही: तरंगलांबी ७० सेंटीमीटर, फुगा तिच्यापुढे लहान. तोंडाने फुगवलेला फुगाही चालत नाही, श्वासात हा वायू ४ टक्क्यांच्या आसपासच असतो.

काय बदललं

खांबावरचे चारही भोंगे काढून टाकले. नुसतं त्यांचं तोंड १२ अंश खाली झुकवलं तर अक्ष ४२ मीटरवर जमिनीला लागतो आणि काम झालं असं वाटतं. पण तसं नाही. ४५ सेंटीमीटर तोंडाचा भोंगा १००० हर्ट्झला, म्हणजे ३५ सेंटीमीटर तरंगलांबीला, फार पसरट फेकतो. क्षितिजाच्या दिशेने जाणारा आवाज झुकवल्याने फार तर दोन-तीन डेसिबल कमी होतो, बस. पाठ फिरवली तर खूप जास्त कमी होतो. म्हणून दिशा झुकावापेक्षा महत्त्वाची.

मंडपासाठी चार कॉलम स्पीकर, म्हणजे एकाखाली एक स्पीकर बसवलेले उभे लांबट डबे. दोन स्टेजच्या दोन्ही कडांना, माईकच्या ओळीच्या दीड मीटर पुढे, अडीच मीटर उंचीवर, तोंड किंचित खाली. दोन टिनाखालीच १२ मीटर पुढे, तेही पूर्वेकडे तोंड करून पण अर्ध्या आवाजात. १२ मीटर हा आकडा ०.०५ सेकंदाच्या हिशोबातून आला: १२ भागिले ३५० म्हणजे ०.०३४. डिले देणारं, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणारं, यंत्र नसेल तर दुसरी जोडी १५ मीटरच्या पुढे कधीच नको. ३० वॉटला कॉलम १ मीटरवर १०८ डेसिबल देतो, २० मीटरवर ८२, बसलेल्या माणसांच्या कुजबुजीपेक्षा वीसेक डेसिबल वर. २ किलोमीटरवर याचेच हवेचा वाटा धरून तीसेक उरतात, आणि तेही शेडच्या आत अडून.

चौकातले भोंगे काढलेच. मध्ये बसणाऱ्यांना कॉलम पुरतात.

पश्चिम टोकासाठी तीन लहान भोंगे, देवळापासून १५०, २८० आणि ४०० मीटरवर, साडेतीन मीटर उंचीवर, तोंडं मंडपाच्या उलट दिशेला, म्हणजे पश्चिमेला. १०० व्होल्टच्या लाइनवर, ट्रान्सफॉर्मर २ वॉटच्या टॅपवर (भोंग्याने किती पॉवर घ्यायची ते ठरवणारी जोडणी). २ वॉटला १ मीटरवर ११० डेसिबल, ६० मीटरवर ७४. घरात बसून कथा ऐकायला हे भरपूर. तीन मिळून ६ वॉट, जिथे आधी वस्तीकडच्या दोन भोंग्यांचे ६० वॉट पोचत नव्हते. या लाइनला वेगळा स्विच, हरिपाठ संपला की बंद. तो स्विच माईकवाल्याकडे नको, समितीतल्या काकाजींकडे. हा भाग भौतिकशास्त्रातला नाही, पण याशिवाय बाकीचं टिकत नाही.

शिट्टीचा प्रश्न यातच निम्मा सुटतो, कारण भोंग्याचा आवाज माईककडे परत येणं थांबलं. उरलेली निम्मी शिट्टी उघड्या माईकांची. टाळकऱ्यांपुढे चार, मृदंगाला दोन, पेटीला एक, महाराजांचा एक, सगळे सतत चालू. माईक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वी मिळणारी वाढ ३ डेसिबलने घटते. आठ म्हणजे ९ डेसिबल गमावले. टाळांना माईकची गरज नसते, ते तसेच ऐकू येतात. ते चार बंद. महाराजांनी माईक ३० सेंटीमीटरऐवजी साडेसात सेंटीमीटरवर धरला तर १२ डेसिबल फुकट मिळतात. आणि माईकची जाळी मुठीत धरायची नाही: तिच्या मागच्या फटी बुजल्या की माईक सगळीकडून आवाज घेऊ लागतो आणि शिट्टी ठरलेली. बालकीर्तनकारांना हे शिकवायला दोन दिवस लागतात.

काकडा माईकशिवाय. टाळ-मृदंगाचा आवाज पहाटेच्या हवेत गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तसाही जातो. त्याला वळवणारी हवा तीच आहे.

एक गोष्ट मात्र मोजमापात बसत नाही, ती वारा. ९ मीटरवर वारा सेकंदाला ५ मीटर आणि १ मीटरवर ३ असेल तर त्या २ मीटरच्या फरकाचा परिणाम तापमानाच्या १.१३ पेक्षा मोठा. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो, भर दुपारीही. विरुद्ध दिशेने सावली ३०० वरून १८० मीटरवर येते. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की पश्चिम टोकाच्या घरांना वाऱ्याविरुद्ध ऐकायचं असतं. म्हणून मधला भोंगा २८० वर ठेवला, नुसत्या तापमानाच्या हिशोबाने तो ३०० पुढेही चालला असता. वारा फिरला आणि १५० मीटरवरच्या भोंग्याचा आवाज कमी वाटू लागला तर टॅप २ वरून ५ वॉटवर न्यायचा, तेवढ्याच दिवसापुरता, आणि संध्याकाळी परत.